कातळ आणि दोर

नदीच्या कांठीं गळ टाकून तासन्‌तास बसणें हा उद्योग आमच्या वाचकवर्गांतील पुष्कळ घरांना परकाच वाटेल. ज्या घरांत मत्स्याहार नाहीं, तेथें तर हा विषय निघतांच वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडावयाची. तथापि गेल्या कांहीं वर्षांत पुण्यामुंबईस शिकणारे वा नोकरी करणारे आमचे तरुण सुटीच्या दिवशीं काठी आणि चाक घेऊन कोंकणांतल्या नद्यांवर जाऊं लागले आहेत. आणि त्यांतले बरेचसे मासा पकडून, त्याचें वजन पाहून, त्याला परत पाण्यांत सोडून देतात. हा छंद चांगला कीं वाईट, ह्याचा निवाडा आम्हांस येथें करावयाचा नाहीं. तो लागला आहे, तर जाणतेपणानें चालावा, आणि त्यांत मुक्या जिवाची व नदीची नाहक हानि होऊं नये, एवढाच आमचा हेतु आहे.

ह्या छंदाच्या दुकानांत पाऊल टाकलें, कीं नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती पौंडांचा दोर घेऊं?" दुकानदार रिळावर छापलेला आंकडा दाखवितो, आणि व्यवहार तेथेंच संपतो. तो आंकडा खोटा असतो असें नाहीं. पण तो कोऱ्या, सरळ ताणलेल्या, कशालाहि न घांसलेल्या दोराचा असतो. महाड-पोलादपुरच्या नद्यांत दोर असा कोरा फार वेळ राहत नाहीं. तेथें तो तुटतो तो बहुधा माशाच्या ओढीनें नव्हे, तर खडकाच्या कडेनें. म्हणून आमचें सांगणें थोडक्यांत असें आहे कीं, दोर माशाकडे पाहून निवडूं नये. खडकाकडे पाहून निवडावा.

नदीचा स्वभाव

सावित्रीचा उगम महाबळेश्वरीं, सुमारें साडेतेराशें मीटर उंचीच्या पठारावर आहे. जुन्या महाबळेश्वराच्या पंचगंगेच्या देवळांत ज्या पांच नद्यांचे उगम मानिले जातात, त्यांपैकीं कृष्णा, वेण्णा आणि कोयना ह्या देशाकडे वळतात. सावित्री मात्र पश्चिमेची वाट धरते. घाटाच्या पायथ्याशीं ती पोलादपुरास येते. महाडास गांधारी तिला मिळते. दासगांवाकडे तिची खाडी होते. आणि अवघ्या ११० किलोमीटरांच्या आसपास प्रवास करून ती बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामध्यें समुद्रास मिळते. रायगड किल्ल्याच्या बाजूनें येणारी काळ नदी हीहि तिचीच उपनदी होय.

इतक्या उंचीवरून इतक्या थोड्या अंतरांत उतरणाऱ्या नदीला सौम्यपणा कोठून यावा? महाबळेश्वरीं वर्षाला सरासरी साडेपांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याचा मोठा वाटा ह्याच दऱ्यांतून खालीं धांवतो. ता. २ ऑगस्ट १९२७ किंवा १९३७ ची गोष्ट नव्हे, तर अगदीं अलीकडे, ता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळचा इंग्रजी अमदानींतला जुना पूल ह्याच सावित्रीच्या पुरांत वाहून गेला आणि त्याबरोबर प्रवाशांनीं भरलेल्या गाड्याहि गेल्या. जुलै २०२१ मध्यें महाड शहर पुन्हां पाण्याखालीं गेलें. जें पाणी पुलाचे खांब उखडून टाकतें, तें तळाचे धोंडे काय जागेवर ठेवणार? दर पावसाळ्यांत डोहाचा तळ बदलतो. गेल्या वर्षीं जेथें वाळू होती, तेथें ह्या वर्षीं ताज्या फुटलेल्या कडांचे धोंडे येऊन पडतात.

हा धोंडा कोणत्या जातीचा, हेंहि पाहिलें पाहिजे. सह्याद्रीचा हा काळा कातळ म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरांवर थर पसरलेला लाव्हारस होय. तो थंड होतांना त्यांतील वायूचे बुडबुडे आंतच अडकले. त्यांच्या पोकळ्यांत पुढें गारगोटीसारखे कठीण स्फटिक भरले. पाण्यानें पृष्ठभाग झिजतो, पण हे कठीण दाणे मागें उरतात. त्यामुळें वरून गुळगुळीत दिसणाऱ्या कातळावर हात फिरविला, तर तो कांहीं ठिकाणीं आरशासारखा आणि कांहीं ठिकाणीं कानशीसारखा लागतो. त्याच कानशीवरून ताणलेला दोर मागें-पुढें फिरूं लागला, म्हणजे काय होईल तें सांगावयास नको.

दोराची वंशावळ

आपल्याकडे पूर्वीं गळाला सुताचा वा तागाचा पीळ दिलेला दोर बांधीत. तो ओला राहिला कीं कुजे, म्हणून दरवेळीं वाळवावा लागे. इंग्रज अंमलदार मासेमारीची हौस घेऊन ह्या देशांत आले, तेव्हां त्यांच्याबरोबर रेशमी दोर आले. दक्षिण कानड्याचे कलेक्टर एच्. एस्. टॉमस ह्यांचें 'द रॉड इन इंडिया' हें पुस्तक १८७३ सालीं निघालें, आणि महासीर माशाच्या मागें लागलेल्या पुढच्या दोन-तीन पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या.

त्या काळीं गळाजवळचा शेवटचा तुकडा एका चमत्कारिक वस्तूचा असे. रेशमाचा किडा कोश विणण्याच्या बेतांत असतांना त्याला शिरक्यांत बुडवीत. मग त्याच्या पोटांतील रेशमाच्या ग्रंथि काढून त्या हातानें ताणीत, म्हणजे फूट-दीड फूट लांबीची पारदर्शक तार तयार होई. स्पेन देशांतील मुर्सिया प्रांत ह्या धंद्याचें मोठें केंद्र होता. ही तार कोरडी असतांना ठिसूळ. वापरण्यापूर्वीं ती पाण्यांत भिजत घालावी लागे.

१९३५ सालीं अमेरिकेंत ड्यू पॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेंत वॉलेस कॅरदर्स ह्या रसायनज्ञाच्या हाताखालीं नायलॉन तयार झालें. १९३८ सालीं त्याचे दांत घांसण्याच्या ब्रशाचे केस बाजारांत आले, आणि लवकरच गळाचा दोरहि. आमच्याकडे ह्या एकपदरी नायलॉनी दोराला तंगूस म्हणतात. ज्या घरांत मुली मण्यांच्या माळा ओंवितात, त्या घरांत हा शब्द आणि ही वस्तु दोन्हीं परिचयाचीं आहेत. तंगुसानें रेशमी तार मागें पडली. मात्र गंमत अशी कीं, त्याचा स्वभाव तिच्या अगदीं उलट आहे. ती भिजल्याशिवाय कामाची नसे. तंगूस भिजला कीं थोडें पाणी पितो, मऊ पडतो, आणि त्याची ताकद कांहींशी उतरते. म्हणून रिळावरच्या आंकड्यांतून दहांतला एक भाग मनांतल्या मनांत वजा करूनच हिशेब मांडावा.

आजचे तीन प्रकार

आज दुकानांत तीन प्रकारचे दोर मिळतात. पहिला हा तंगूस. तो स्वस्त असतो, पाण्यांत हळूहळू बुडतो, आणि जोराचा हिसका बसला तर लांबतो. हें लांबणें दूर अंतरावर अडचणीचें होतें, कारण माशानें तोंड लावलें तरी हाताला लवकर कळत नाहीं. पण खडकाळ नदींत तोच गुण होतो, कारण हिसका दोर स्वतःवर घेतो आणि तुटत नाहीं.

दुसरा प्रकार विणीव दोराचा. हौशी मंडळी त्याला ब्रेड म्हणतात. पावाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. पॉलिथिलीनच्या एका विशेष जातीचे शेंकडों अतिसूक्ष्म तंतु वेणीसारखे गुंफून तो करितात. वजनाच्या मानानें तो पोलादाहून कितीतरी बळकट असतो, पाण्यावर तरंगतो, आणि जवळ जवळ लांबतच नाहीं. ह्या बळाच्या आंकड्यांना भुलून पुष्कळजण तो सरळ गळालाच बांधतात आणि फसतात. वीस पौंडांचा विणीव दोर साधारण पाव मिलिमीटर जाड असतो. तितक्याच ताकदीचा तंगूस ०·४० ते ०·४५ मिलिमीटर. कातळाची कड विणीव दोराला लागली, कीं एकेक तंतु स्वतंत्रपणें तुटत जातो. आणि लांबण्याची सवय नसल्यामुळें उरलेल्यांवर सारा भार एकदम येतो. पाण्याच्या मधोमध तो मल्ल आहे. खडकाच्या कडेवर तो सुताची गुंडी आहे.

तिसरा प्रकार फ्लुओरोकार्बनचा. हा दोर १९७० नंतरच्या वर्षांत जपानांत पुढें आला. तो दिसावयास तंगुसासारखाच, पण पाण्याहून पावणेदोन पट जड. म्हणून लवकर बुडतो. तो पाणी पीत नाहीं, त्यामुळें भिजून मऊ पडत नाहीं, आणि त्याची कांति कठीण असते. प्रकाशाचें वक्रीभवन तो जवळ जवळ पाण्याइतकेंच करितो, म्हणून स्वच्छ पाण्यांत कमी दिसतो. दोष दोन : तो महाग आहे आणि ताठ आहे. सबंध चाकावर तो भरण्याचें कारण नाहीं. गळाजवळच्या दोन-तीन मीटरांपुरता, म्हणजे ज्याला लीडर म्हणतात त्यासाठीं, तो उत्तम.

जाडीचा हिशेब

खडकाशीं गांठ आहे तेथें दोराचें नांव दुय्यम आणि जाडी मुख्य, हें शाळकरी गणितानेंहि पटतें. दोराचें बळ त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतें, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. आतां समजा, एकाच जातीचे दोन तंगूस आहेत. एक ०·२५ मिलिमीटर व्यासाचा, दुसरा ०·४५ चा. दोन्हीं खडकावर घांसले आणि सर्व बाजूंनीं ०·०५ मिलिमीटर झिजले. पहिल्याचा व्यास ०·१५ उरला, दुसऱ्याचा ०·३५. वर्ग करून पाहिलें, तर पहिल्याचें शेंकडा ३६ बळ शिल्लक राहिलें, दुसऱ्याचें शेंकडा ६०. झीज सारखी, पण बारीक दोराचें दोन-तृतीयांश बळ गेलें आणि जाड दोर निम्म्याहून अधिक बळ राखून उभा राहिला. बारीक दोर लांब फेंकला जातो आणि माशाला कमी दिसतो, हें खरें. परंतु कातळाच्या डोहांत हे दोन्हीं लाभ ह्या तोट्यापुढें थिटे आहेत.

रिळांवर 'झिजेला दाद न देणारा' अशा अर्थाचीं वाक्यें छापलेलीं असतात. त्यांवर विश्वास ठेवावा कीं न ठेवावा? दोहोंची गरज नाहीं. घरच्या घरीं परीक्षा घ्यावी. ज्या नदीवर जावयाचें, तिच्याच कांठचा एक खरखरीत कडेचा धोंडा घरीं आणावा आणि ओट्याच्या कडेला घट्ट बसवावा. एक लिटर पाण्यानें भरलेली बाटली म्हणजे एक किलो वजन. दोराच्या एका टोंकास ती बांधून दोर धोंड्यावरून सोडावा, भिजवून घ्यावा, आणि दुसरें टोंक हातीं धरून वीतभर मागें, वीतभर पुढें असा ओढीत जावें. किती फेऱ्यांनीं तुटतो तें मोजावें. प्रत्येक दोराची पांच वेळां परीक्षा घेऊन सरासरी काढावी. बाटलीखालीं गोणपाट ठेवावें आणि पाय दूर ठेवावे. ह्या एका दुपारच्या प्रयोगानें जाहिरातीच्या दहा पानांहून अधिक कळतें, आणि शाळेंत जाणाऱ्या मुलांस सरासरी कशासाठीं काढावयाची, हेंहि कळतें.

कोणत्या पाण्याला कोणता दोर

पोलादपुराच्या वरच्या अंगाला नदी उथळ, धोंड्यांतून उड्या घेत वाहणारी आहे. येथें मासे लहान, फेंक जवळची. ०·३० मिलिमीटरांचा साधा तंगूस येथें पुरे. त्याहून बारीक मात्र नको.

महाडच्या परिसरांत सावित्री, गांधारी व काळ ह्यांचे खोल डोह आहेत. त्यांच्या कडेनें पाण्याखालीं कातळाचे बांध आणि कपारी असतात. गळाला लागलेला मोठा मासा नेमका त्यांचाच आश्रय शोधतो. महासीराच्या जबड्यांत दांत नसतात. त्याचे दांत घशांत असतात. त्यामुळें तो दोर चावून तोडीत नाहीं. तो खडकाआड शिरून खडकाकडून तोडवितो. येथें ०·४० ते ०·४५ मिलिमीटरांचा तंगूस सबंध चाकावर असावा. ज्यांना विणीव दोरच वापरावयाचा आहे, त्यांनीं त्याच्या पुढें अर्धा मिलिमीटर जाडीचा तंगूस किंवा फ्लुओरोकार्बन निदान तीन मीटर जोडावा. जोडतांना फिरती पितळी कडी, जिला दुकानांत स्विव्हल म्हणतात, ती वापरावी. खडकाला लागेल तो जाड लीडर. दूरवर जाईल तो बारीक विणीव दोर. अशी कामाची वांटणी होते.

दासगांवाच्या खालीं भरती-ओहोटीचें पाणी लागतें. तेथें तळाशीं चिखल असला, तरी निर्धास्त होऊं नये. खाडीच्या तोंडाकडे खडकांना चिकटलेलीं कालवें असतात, आणि त्यांच्या शिंपांच्या कडा कांचेसारख्या असतात. शिवाय येथला मानकरी जो जिताडा, त्याच्या कल्ल्यांच्या झांकणाची कड इतकी धारदार असते, कीं मान झटकतांच बारीक दोर कापला जातो. येथें लीडर ०·६० ते ०·७० मिलिमीटरांचा घ्यावा. जिताड्याच्या कल्ल्यांत बोटें घालण्याचें धाडस करूं नये. जो दोर कापतो, तो बोटहि कापतो.

निगा आणि गांठ

उत्तम दोरहि निगेवांचून फुकट जातो. प्रत्येक माशानंतर आणि प्रत्येक अडकण्यानंतर शेवटचा हातभर दोर अंगठा व तर्जनी यांच्या नखांमधून ओढून पाहावा. नखाला खरखर लागली, तर तेवढा तुकडा कापून गांठ नव्यानें बांधावी. ज्यांचीं नखें ह्या कामीं मंद आहेत, त्यांनीं कापसाचा बोळा फिरवावा. जेथें चीर असेल तेथें कापसाचा तंतु अडकून राहतो. हीच परीक्षा काठीवरच्या कड्यांचीहि घ्यावी. कडीला आंतून खांच पडली असेल, तर नवा दोर घरांतून निघतांनाच कापला जाऊं लागतो. तंगूस उन्हांत ठेवूं नये, कारण सूर्यप्रकाशानें तो ठिसूळ होतो. रीळ कपाटांत ठेवावें, आणि नित्य वापराचा तंगूस दरवर्षीं बदलावा.

गांठ हें दोराचें सर्वांत दुबळें स्थान होय. ती कोरडीच खसकन आवळली, तर घर्षणाच्या उष्णतेनें दोर तेथेंच भाजतो. ह्यासाठीं एक सोपी गांठ पक्की शिकून ठेवावी. दोराचें टोंक गळाच्या नेढ्यांतून घालावें. तें परत आणून मूळ दोराभोंवतीं पांच-सहा वेढे द्यावे. मग टोंक नेढ्याजवळच्या पहिल्या लहान फासांतून काढून, त्यायोगें तयार झालेल्या मोठ्या फासांतून पुन्हां ओंवावें. गांठ पाण्यानें ओली करावी, आणि सावकाश आवळावी.

चाकाचा अटकाव, म्हणजे मासा ओढूं लागला असतां दोर किती जोरानें सुटावा तें ठरविणारी कळ, दोराच्या बळाच्या चौथ्या भागावर लावावी. दोर जितका ताठ, तितका खडक त्याला अधिक कापतो. सैल धागा आणि ताणलेला धागा ह्यांवर एकच सुरी फिरवून पाहणाऱ्यास हें सांगावें लागत नाहीं. काठी उंच धरावी, म्हणजे दोर कातळावर न टेकतां वरून जातो.

जेथें तुटावें तेथेंच तुटावा

एवढी काळजी घेऊनहि गळ कधीं ना कधीं तळाशीं अडकणारच. शहाणपण ह्यांत आहे, कीं तुटावयाचा भाग आपण आधींच ठरवून ठेवावा. तळाशीं अडकतें तें बहुधा वजन. म्हणून वजन मुख्य दोराला न बांधतां, कच्च्या सुताच्या वीतभर धाग्यानें वेगळें लोंबत ठेवावें. अडकलें तर सूत तुटतें, आणि गळ व दोर हातीं परत येतात. वजनासाठीं शिसें कशाला हवें? शिसें विषारी आहे, आणि नदीच्या तळाशीं तें कोणाच्या तरी पोटांत जातें. नदीच्या कांठचा एक लांबट गोटा सुतानें बांधला, कीं काम झालें. तुटला तर नदीचा गोटा नदीला मिळाला, आणि सूत चार महिन्यांत कुजून गेलें. गळ साध्या लोखंडाचा असावा. तो कालांतरानें गंजून झिजतो. त्याचा उलटा कांटा पकडीनें दाबून टाकावा, म्हणजे मासा सोडतांना त्याचें तोंड फाटत नाहीं.

आणि एक गोष्ट आम्ही वडीलधाऱ्यांच्या अधिकारानें सांगतों. अडकलेला गळ सोडविण्यासाठीं पाण्यांत उतरूं नये. डोहाची कड वरून दिसते तशी उतरती नसते. पायाखालचा शेवाळलेला कातळ एकाएकीं संपतो. शिवाय महाडजवळच्या सावित्रीच्या पात्रांत मगरी आहेत, आणि त्या तेथें पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यांना पूर्ण संरक्षण आहे. आपलें संरक्षण मात्र आपणच करावयाचें आहे. दोन-पांच रुपयांच्या गळासाठीं जिवाची जोखीम घेणें ह्याला धाडस म्हणत नाहींत. घरांतून मुलगा वा मुलगी निघतांना आईनें डब्याबरोबर हें वाक्यहि बांधून द्यावें.

मागें काय राहतें

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. दोर बळकट असावा, असा एवढा आग्रह कशासाठीं? पकडलेल्या माशाची बढाई मारतां यावी म्हणून खास नव्हे. दोर तुटतो तेव्हां माणसाचें नुकसान चार आण्यांचें होतें. माशाच्या तोंडांत मात्र गळ राहतो, आणि त्यामागें दहा-वीस हात दोर लोंबत राहतो. तो दोर पुढच्या कपारींत गुंतला, कीं मासा तेथेंच जखडला जातो आणि उपाशीं मरतो. परत सोडून देण्याच्या पुण्याईनें हा छंद करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत घ्यावें, कारण न पाहिलेलें मरणहि मरणच असतें.

आणि येथें एक विरोध उभा राहतो. जो दोर खडकाला दाद देत नाहीं, तो काळालाहि दाद देत नाहीं. सुताचा दोर कुजे, रेशमाचाहि विरे. टाकून दिलेला नायलॉनी दोर नाहींसा व्हावयास सहाशें वर्षें लागतील, असा अंदाज वारंवार दिला जातो. बगळा, खंड्या, पाणकावळा ह्यांच्या पायांत तो अडकतो. संक्रांतीच्या नायलॉनी मांज्यानें पक्षी आणि माणसें कापलीं जातात, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों; राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्या मांज्यावर देशभर बंदी घातली. तंगूस त्याच मांज्याचा सख्खा भाऊ आहे. तो झाडावर न लटकतां पाण्याखालीं लटकतो, एवढाच फरक. म्हणून पिशवींत एक लहान डबी असावी. कापलेला प्रत्येक तुकडा, अगदीं गांठीचें शेपूटसुद्धां, तींत टाकून घरीं आणावा. दुसऱ्यानें टाकलेला दिसला तर तोहि उचलावा.

काळहि पाहावा. पहिल्या पावसांत मासे अंडीं घालण्यासाठीं प्रवाहाविरुद्ध वर चढतात. कोंकणांत त्यांना चढणीचे मासे म्हणतात. ते दिवस गळाचे नव्हेत. ज्या पाण्यावर मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा ठेका असेल, तेथें त्यांची परवानगी घ्यावी. ज्यांचें पोट त्या पाण्यावर आहे, त्यांचा मान आपल्या हौसेहून मोठा आहे.

शेवटीं त्या पाण्याविषयीं, जेथें कोणताच दोर योग्य नाहीं. महाड तालुक्यांत काळ नदीवर वाळण कोंड नांवाचा डोह आहे. तेथील महासीर वरदायिनी देवीचे मानले जातात. कोणी त्यांना पकडीत नाहीं, उलट येणारे-जाणारे त्यांना खाऊ घालतात. ज्या माशाच्या दख्खनी जातीचें वर्णन कर्नल साइक्स ह्यांनीं १८३९ सालीं पुण्याच्या मुळा-मुठेंतून केलें, तो मासा आज पुण्याच्या नदींत शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. आणि त्याचे भाईबंद येथें एका खेड्याच्या शब्दावर नांदत आहेत. २०१४ सालीं मत्स्य-अभ्यासकांनीं ह्या डोहावर लिहितांना, लोकांची श्रद्धा सावित्रीच्या ह्या वैभवाला किती काळ राखील, असा प्रश्न विचारला. प्रश्न रास्त आहे. श्रद्धेला कुंपण नसतें. एका रात्रीं एक माणूस एक बळकट दोर घेऊन गेला, तर पिढ्यांची राखण संपते.

कोंकणांत डोहाची खोली खाटेच्या सुंभानें सांगण्याची जुनी रीत आहे. अमक्या खाटांचा सुंभ सोडला तरी तळ लागत नाहीं, असें म्हणतात. त्या सुंभानें कोणीं मासा धरला नाहीं. त्यानें पाण्याचा आदर मोजला. आमच्या तरुण वाचकांनीं जाड तंगूस घ्यावा, गांठ ओली करून बांधावी, डबी बरोबर ठेवावी, आणि वाळण कोंडावर जावयाचें झाल्यास काठी घरीं ठेवून मूठभर लाह्या घेऊन जावें.